नाव कापायचं नाही

"तुमच्या मशीनमधी मी न्हाईच म्हनं!" गौरम्माने खिडकीवर हात आपटला. "मंग इतके दिस गोळ्या कोन खाऊन राहिलं?"

देगलूरहून ती नांदेडच्या दवाखान्यात गोळ्या न्यायला आली होती. एक दिवसही चुकवू नयेत अशा त्या गोळ्या. खिडकीमागे बसलेल्या धम्मप्रियाने नोंद उघडून पाहिली. जुन्या वहीच्या जागी नुकताच आलेला हा प्रोग्राम, ती जिथे नोकरी करायची त्याच कंपनीचा होता.

कुणाला काय आजार आहे हे बाहेर फुटू नये म्हणून रुग्णांची नावं सांकेतिक करून साठवली जात. सांकेतिक झालं की नाव मूळच्यापेक्षा कितीतरी लांब होई. गौरम्माचं नाव रकान्यात मावलं नव्हतं. प्रोग्रामने मुकाट्याने त्याचं शेपूट छाटलं होतं, आणि छाटलेलं नाव आता कुणालाच उलगडणार नव्हतं.

तिने लातूरला कंपनीच्या मालकांना, महांतेश सरांना फोन लावला.

"त्या बाईला पुन्हा नोंदव, विषय संपला," सर म्हणाले. "उद्या निलंग्याच्या दवाखान्यात ह्याच प्रोग्रामचं उद्घाटन हाय."

"सर, ही एकटीच न्हाई. लांब नावाचं प्रत्येक माणूस असंच जाईल."

"मंग नावं छोटी लिहायला सांग."

धम्मप्रियाच्या आजीला, पारूबाईला, गावाने जन्मभर नाव तोडून 'पारे' म्हणूनच हाक मारली होती.

"नाव कापायचं न्हाई, सर. रकाना वाढवायचा. आन् सांकेतिक करायच्या आधी प्रोग्रामनंच लांबी तपासायची. मावत नसंल तर तसं तोंडावर सांगायचं. तोवर निलंग्याला मी चालू करनार न्हाई."

"दुसरा कुनीबी करील."

"करू द्या. मी डॉक्टरांना सांगून राहिले."

फोन ठेवून ती सरळ दोन्ही दवाखान्यांचं काम पाहणाऱ्या डॉक्टर शिवगंगांच्या खोलीत गेली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे निलंग्याचं उद्घाटन थांबवलं आणि गौरम्माला गोळ्या द्यायला लावल्या.

दुपारभर धम्मप्रिया खिडकीमागे बसून प्रोग्रामची दुरुस्ती करत राहिली. मग गौरम्माला शेजारी बसवून तिचं नाव, नवऱ्याचं, आडनाव, सगळं पुन्हा भरलं. बंद करून परत उघडलं.

"समदं हाय का त्याच्यात?" गौरम्माने विचारलं.

"हाव मावशी, समदं."

तेवढ्यात फोनवर सरांचा निरोप आला: उद्यापासून येऊ नकोस.

तिने तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि खिडकीबाहेरच्या रांगेकडे पाहिलं.

"या काका, पुढं या. नाव सांगा. पूर्ण सांगा."