विचारलं होतं

मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखातं होतं, आणि तिथे बावीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे 'मामा' म्हणत. वॉर्डातल्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे झगे, नर्सचे पांढरे गणवेश, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. "डॉक्टर आज आहेत, उद्या बदलून जातील," मामा म्हणायचे, "चादर मात्र रोज लागते." आणि स्वतःच हसायचे.

घरी दोनच माणसं, मामा आणि त्यांची मुलगी. आई गेली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. वर्गातलं एकदा ऐकलेलं ती कधी विसरत नसे, म्हणून शाळेतल्या बाई तिला टिपकागद म्हणायच्या. त्या टिपकागदाची घरी 'टिप्पी' झाली. मामांनी तिची वेणी घालायला शिकून घेतलं, तापात रात्री उशाशी बसून काढल्या, आणि तिने "बाबा, मला नर्स व्हायचंय" म्हटलं तेव्हा त्यांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

आता तिची नर्सिंगच्या शाळेतली तीन वर्षं पूर्ण झाली होती. मामांच्याच रुग्णालयात तिची मुलाखत झाली आणि दुपारी मेट्रनबाई स्वतः जिना उतरून तळघरात आल्या.

"मामा, पोरगी हुशार आहे हो तुमची. सलाईन चालू असताना पेशंटचा हात सुजला तर काय कराल, असं विचारलं मी सगळ्यांना. बाकीच्या म्हणाल्या, डॉक्टरांना बोलवू. ही म्हणाली, आधी सलाईन बंद करीन, मग बोलवीन." बाईंनी मशीनच्या आवाजावर आवाज चढवला. "एक तारखेपासून येऊ दे. तेवढा कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणून द्यायला सांगा."

मामांचे हात चादरीच्या घडीवर तसेच राहिले. "देतो की," ते म्हणाले. पण आनंदाच्या आत कुठेतरी बारीकसं काही टोचलं.

दुसऱ्या दिवशी दोघं नर्सिंग कौन्सिलच्या कचेरीत गेले. खिडकीमागच्या चष्मेवाल्या बाईंनी टिप्पीचं प्रमाणपत्र घेतलं, शाळेचं नाव वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"या शाळेला मान्यता नाहीये."

टिप्पी हसली. "मॅडम, काहीतरी गडबड होतेय तुमची. तीन वर्षं केलीत मी तिथे. पहिली आलेय."

"आल्या असाल हो पहिल्या. पण शाळाच यादीत नाही, त्याला मी काय करू?" बाईंनी मागच्या कपाटातून एक फाईल काढली. "हे बघा. अर्ज केला होता त्यांनी. आमची माणसं पाहणीला गेली होती. शिकवायला पुरेशा शिक्षिका नाहीत, आणि मुलींना ज्या दवाखान्यात पाठवतो म्हणाले तिथे बाराच खाटा. अर्ज नामंजूर झाला. पाच वर्षं झाली त्याला."

पाच वर्षं. म्हणजे टिप्पीने प्रवेश घेतला त्याच्याही दोन वर्षं आधी.

"मग आमच्या परीक्षा?"

"त्यांच्या त्यांनीच घेतलेल्या. त्या आम्हाला चालत नाहीत."

"पण बाबाने विचारलं होतं," टिप्पी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "प्रवेश घेताना बाबाने मुद्दाम जाऊन विचारलं होतं, मान्यता आहे का म्हणून. ते हो म्हणाले होते. हो ना रे बाबा?"

मामांनी मान हलवली. 

"तोंडी विचारून काय उपयोग?" बाई म्हणाल्या. बोलण्यात कुचकेपणा नव्हता, उलट कीवच होती. "नाही असं कुठली शाळा सांगेल? आमची यादी बाहेर भिंतीवर लावलेली असते. कुणीही यावं, वाचावं. नुसता फोन केला तरी सांगतो आम्ही."

बाहेर पडताना ती यादी दिसली. काचेमागे, ओळीने टाईप केलेली. टिप्पी ती वरून खालपर्यंत दोनदा वाचत उभी राहिली. मामा जिन्याचा कठडा धरून उभे होते. कारण खरी गोष्ट अशी होती की मामांनी विचारलंच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, प्रवेशाच्या वेळी, टिप्पीला अकरा तासांवरच्या एका शहरात, जुन्या नावाजलेल्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. ती नाचत घरी आली होती. मामांनी "वा वा" म्हटलं खरं, पण त्यांना समोर रिकामं घर दिसायला लागलं. एकच ताट. एकच कप. त्याच आठवड्यात कुणीतरी या शाळेचं सांगितलं, बसने अर्ध्या तासावरची. मामा बघायला गेले. इमारत नवी, फरशी लख्ख, एका खोलीत खाटेवर रबरी बाहुली झोपवलेली आणि तिच्या भोवती पांढऱ्या कपड्यातल्या मुली. प्राचार्य उठून उभे राहिले. "या साहेब, बसा," म्हणाले. स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे केली. नोकरीच्या इतक्या वर्षांत मामांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. भिंतीवर चौकटीत एक मोठा लाल शिक्क्याचा कागद होता. तो कसला, हे विचारावं असं त्यांच्या मनात आलं. पण इतक्या अदबीने बोलणाऱ्या माणसाला 'कागद दाखवा' म्हणायचं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. जीभ रेटेना. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, जी मामांनी स्वतःलाही कधी धडपणे सांगितली नव्हती. विचारलं आणि नाही म्हणाले तर पोरगी लांब जाणार.

घरी आल्यावर टिप्पीने पहिलाच प्रश्न केला होता, "बाबा, मान्यतेचं विचारलंस का तू?"

"विचारलं की," मामा म्हणाले होते. "सगळं विचारलं." त्या शब्दावर टिप्पीने लांबची जागा सोडली होती.

कौन्सिलमधून टिप्पी तडक शाळेत गेली, मामा मागोमाग. प्राचार्यांची खोली बंद होती. कारकुनाने छापील उत्तर दिलं, "प्रक्रिया चालू आहे." टिप्पी त्याच्याशी वाद घालत बसली नाही. शेजारच्या खोलीत पहिल्या वर्षाच्या मुली बँडेज बांधायचा सराव करत होत्या. ती दार ढकलून आत गेली.

"मी आत्ता कौन्सिलमधून येतेय," ती म्हणाली. "या शाळेला मान्यता नाही. तुम्ही तीन वर्षं शिकाल, पहिल्या याल, आणि नंतर तुम्हाला कुणी पेशंटला हात लावू देणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या स्वतः जा आणि भिंतीवरची यादी वाचा. इथला एकही कागद खरा धरू नका."

शिकवणाऱ्या बाई, त्या एकट्याच शाळेतले अर्धे विषय शिकवायच्या, हातातली पट्टी गुंडाळत राहिल्या. त्यांनी टिप्पीला अडवलं नाही आणि तिच्याकडे बघितलंही नाही. एक मुलगी रडायला लागली. दुसरीने रागाने विचारलं, "मग तू आधी का नाही गेलीस यादी बघायला?"

"बाबाने विचारलं होतं," टिप्पी म्हणाली. दारात उभ्या मामांना त्या खोलीची फरशी दुभंगावी असं वाटलं.

मेट्रनबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ टेबलावरची पेनं सारखी करत बसल्या. "तुझा हात चांगला आहे, हे मी पाहिलंय," त्या म्हणाल्या. "पण उद्या तुझ्या हातून एखाद्याला काही झालं, तर त्याच्या घरच्यांना मी काय सांगू? आणि झालं नाही तरी, ही कुठे शिकली, कुणी तपासलं, असं कुणी विचारलं तर? नाही ग. वॉर्डात मदतनीस म्हणून ये हवी तर. बेडपॅन, अंघोळी. इंजेक्शनला हात लावायचा नाही."

"नको," टिप्पी म्हणाली. "थँक्यू, मॅडम."

तिने कौन्सिलकडे तक्रार लिहायला घेतली. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. तारखा, नावं, पावत्या, जोडलेल्या प्रती. टिपकागदच ती, काही सुटलं नव्हतं. रविवारी सकाळी तिने पक्की प्रत मामांपुढे ठेवली.

"वाच आणि इथे खाली सही कर. साक्षीदार म्हणून."

मामांनी वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'प्रवेशापूर्वी माझे वडील स्वतः शाळेत गेले व त्यांनी मान्यतेबाबत स्पष्ट विचारणा केली. प्राचार्यांनी मान्यता असल्याचे त्यांना सांगितले.'

मामांनी पेन उचललं. सही केली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. प्राचार्य तसेही खोटारडेच होते. त्या माणसाच्या अंगावर आणखी एक खोटं, कुणाला कळलं असतं? टिप्पी चहा करत होती. "उद्याच नेऊन देते मी," ती म्हणत होती. "तुला फसवलं ना बाबा, त्याचा मला जास्त राग येतो. माझं ठीक आहे. पण तुझ्यासारख्या माणसाला फसवलं."

मामांनी पेन खाली ठेवलं.

"मी विचारलं नव्हतं, बाळा."

"काय?"

"मान्यतेचं. विचारलं नव्हतं मी. तुला सांगितलं ते खोटं होतं."

टिप्पीने चहाचं भांडं सावकाश खाली टेकवलं. "का?"

मामांनी आधी खुर्चीचं सांगितलं, प्राचार्यांच्या गोड बोलण्याचं सांगितलं. आपली अक्कल चालली नाही, असं म्हणाले. ती नुसती बघत होती. मग त्यांना कळलं की हे सगळं म्हणजे सारवासारव आहे.

"तू लांब गेली असतीस," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात नळाचं पाणी थेंबथेंब पडत होतं. टिप्पीने कागद आपल्याकडे ओढला. पट्टी घेतली, तिसऱ्या परिच्छेदातल्या त्या दोन ओळी सरळ रेघ मारून खोडल्या आणि शेजारी आपली छोटी सही केली. ओरडली असती, भांडं भिरकावलं असतं, तर मामांना बरं वाटलं असतं. ती उठली, चहा गाळला, त्यांचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि आपला कप घेऊन आतल्या खोलीत गेली.

त्या वर्षी तिने पुन्हा अकरा तासांवरच्या त्याच कॉलेजात अर्ज केला. आधी कौन्सिलच्या यादीत नाव पाहिलं, यंदाची मान्यता आहे का ते फोन करून विचारलं, तिथून शिकून गेलेल्या दोघींशी बोलली. झालेल्या तीन वर्षांतला एक दिवसही धरला जाणार नव्हता. प्रवेश मिळाला तो पहिल्या वर्षाला. निघायच्या दिवशी मामांनी बॅग बसपर्यंत नेली. तिने खिडकीतून हात बाहेर काढला, त्यांना वाटलं आपल्या गालाला लावेल. तिने पाण्याची बाटली घेतली.

"औषधं वेळेवर घ्या," ती म्हणाली. "आणि जेवत जा नीट. पोहोचले की फोन करीन तुम्हाला."

बस वळणापलीकडे गेली तरी मामा तिथेच उभे होते. घ्या. जा. तुम्हाला. जन्मापासून तिने त्यांना 'अरे बाबा' म्हटलं होतं. ताप असताना, भांडताना, लाडात, 'तू'च. आता तिने त्यांना मान दिला होता, परक्या माणसाला देतात तसा.

फोन दर रविवारी येई. तब्येत, हवा, जेवण. एकदा मामांनी विचारलं, "काय शिकवतायत सध्या?"  "हात कसे धुवायचे ते," ती म्हणाली. मामांनी पुढे काही विचारलं नाही.

तक्रारीनंतर आठ महिन्यांनी शाळेला टाळं लागलं. पहिल्या वर्षाच्या काही मुली वेळेत निघाल्या होत्या. रुग्णालयातल्या एका झाडूवालीची मुलगी नर्सिंगला जायचं म्हणत होती, तिला मामा स्वतः कौन्सिलच्या कचेरीत घेऊन गेले आणि यादीपुढे उभं केलं. "वाच," म्हणाले. "मोठ्याने वाच. आणि कुणी कितीही गोड बोललं, खुर्ची दिली, तरी विचारायचं." बरोबर आलेल्या झाडूवालीला वाटलं मामा चिडलेत.

वर्षाच्या शेवटी मुलींना नर्सच्या टोप्या द्यायचा समारंभ होता. आमंत्रण कॉलेजकडून आलं, पालकांना सरसकट जायचं तसं. मामा गेले. तेवीस वर्षांची टिप्पी अठरा वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभी होती, सगळ्यांत उंच. नंतर ती मामांना पाणी घेऊन आली. बरोबरच्या मुलींना म्हणाली, "हे माझे वडील." मग तिची नजर त्यांच्या डाव्या मनगटावर गेली. आदल्याच दिवशी इस्त्रीच्या मशीनच्या वाफेने भाजलं होतं, वर रुमाल गुंडाळला होता.

तिने त्यांना बाकावर बसवलं, आतून सामान आणलं. हात धुतले. जखम स्वच्छ केली, मलम लावलं, पट्टी बांधली. "घट्ट होतेय का? बोटांना मुंग्या येतात?" कुठल्याही पेशंटला विचारावं तसं, नीट, हळू आवाजात. मामा "नाही, नाही" म्हणत राहिले. तिचा हात चांगलाच होता. इतक्या जवळ ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती. तिच्या खाली घातलेल्या मानेकडे बघत त्यांनी म्हटलं, "टिप्पी, मला माफ कर ग."

तिची बोटं थांबली. मग तिने पट्टीचं टोक आत खोचलं. "चौथ्या दिवशी बदलून घ्या," ती म्हणाली. "तुमची परतीची गाडी किती वाजता आहे?"

चौथ्या दिवशी मामा वॉर्डात गेले. ड्युटीवरच्या नर्सने पट्टी सोडताना भुवया उंचावल्या.

"कुणी बांधली हो मामा? झकास बांधलीय."

"माझ्या मुलीने."

"अरे वा, नर्स आहे? कुठे असते?"

"शिकतेय," मामा म्हणाले. "पहिल्या वर्षाला आहे."

"पहिल्या वर्षाची वाटत नाही," नर्स म्हणाली आणि नवी पट्टी उलगडायला लागली. मामांनी तोंड दुसरीकडे वळवलं. खाली तळघरात चादरींचं मशीन थांबल्याची घंटा वाजत होती.