उणे धाकटा

थोरल्याने वरच्या चौकटीतला मजकूर पुसला आणि पडद्याचा खालचा अर्धा भाग एका क्षणात पिवळ्या ओळींनी भरून गेला.

सकाळपासून तो दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या वेबसाइटमधली चूक शोधत होता. एकच वेळ पुन्हा दोन पेशंटना गेली होती, आणि बाईंनी फोनवर जे ऐकवलं त्याने त्याचेच दात दुखायला लागले होते. त्याने ब्राउझरचा कन्सोल उघडला. पान वरून कितीही गोंडस दिसो, त्याच्या सगळ्या कुरबुरी तिथे खाली ओळीओळीने उमटतात. पण तिथे सामसूम होती. इतकी शांतता बरी नव्हे, असं वाटून त्याने वर पाहिलं, तर चौकटीत त्यानेच कधीतरी लिहिलेलं तसंच होतं: उण्याचं चिन्ह आणि पुढे ‘धाकटा’. ज्या ओळीत तो शब्द असेल ती ओळ दिसायची नाही.

कन्सोलमधून बोलणं ही दोघा भावांची जुनी रीत. एकाने काम केलं की दुसऱ्यासाठी कोडमध्येच निरोप ठेवायचा, आपलं नाव लावून. दुसऱ्याने पान उघडलं की निरोप त्याच्या कन्सोलमध्ये हजर; ज्याचा त्याला मात्र दिसायचा नाही. सुरुवातीला त्यात चेष्टाही असायची. पण धाकट्याला हर गोष्टीत शंका, आणि थोरल्याला मान वर करायला वेळ नाही. रोजची ती टिवटिव नको, म्हणून थोरल्याने उणं लावलं आणि विसरून गेला.

आता तो वाचत होता.

‘धाकटा: दादा, दोघांनी एकदम बटण दाबलं तर एकच वेळ दोघांना जाते. उद्घाटनाआधी बघ.’

‘धाकटा: दादा, ते अजून तसंच आहे. तू हो म्हण, मी दुरुस्त करतो.’

‘धाकटा: दादा, वाचतोस ना?’

दवाखान्याच्या उद्घाटनाच्या दिवशी एका खुर्चीपाशी दोन सुजलेले गाल भांडत उभे राहिले होते. बाईंनी जाब विचारला तेव्हा थोरल्याने सगळ्यांदेखत हसून सांगितलं होतं, "भाऊ अजून शिकतोय." धाकट्याने अवाक्षर काढलं नव्हतं. थोरल्याला तेव्हा वाटलं, चोराच्या मनात चांदणं. आता त्याला उमगलं. दादाने सगळं वाचलंय आणि तरी आपल्यावर ढकललंय, असंच धाकटा धरून बसला असणार. त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं, दुसरीकडे नोकरी पाहिली, आणि आज त्याचा इथला शेवटचा दिवस होता.

कपाटापलीकडे धाकटा आपला खण रिकामा करत होता. थोरल्याची बायको ऑफिसचे फोन सांभाळायची. ती दिराला पुस्तकं बांधायला सुतळी देऊन परत येत होती. नवऱ्याच्या टेबलापाशी ती थांबली.

"अहो, तो निघालाय. आता तरी तोंड उघडा."

"हो, बोलतो."

तो उठला, शर्ट नीट केला, कपाटापर्यंत गेला आणि प्रिंटरमध्ये कागद आहेत का ते बघून परत आला. ज्याला बोट धरून चालवलं, त्याच्यासमोर ‘चुकलो’ म्हणायला जीभ रेटेना. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं:

‘थोरला: तू आधीच सांगितलं होतंस. चूक माझी होती. जाऊ नकोस.’

बदल साइटवर चढवून तो वाट पाहत बसला. निघताना पान एकदा उघडून बघितल्याशिवाय धाकट्याला चैन पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. कपाटाच्या कडेने त्याला भावाचा अर्धा चेहरा दिसत होता. धाकट्याने खरंच पान पुन्हा उघडलं. वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्याने गठ्ठा उचलला.

"येतो, दादा."

थोरल्याने नुसती मान हलवली.

वहिनी-दीर जिना उतरून गेल्यावर तो धाकट्याच्या टेबलापाशी गेला. कन्सोल उघडाच होता, धुतल्यासारखा स्वच्छ. वरच्या चौकटीत उण्याचं चिन्ह आणि पुढे ‘थोरला’.

त्याने ते पुसलं. ओळी भराभर उमटल्या.

‘थोरला: हे कोणी लिहिलंय? शेंबड्या पोरालाही कळेल.’

‘थोरला: प्रश्न कमी, काम जास्त.’

‘थोरला: तुझ्याने होत नसेल तर सांग, दुसरा बघतो.’

अशा कितीतरी. आजची ओळ त्या सगळ्यांच्या तळाशी होती. तो उभ्या उभ्याच वाचत गेला. आवाज स्वतःचाच होता, पण ऐकवेना.

बायको जिना चढून वर आली. डोळे पुसून तिने पदर खोचला.

"फाटकापर्यंत सारखा मागे वळून बघत होता," ती म्हणाली. "एक शब्द बोलला नाहीत ना त्याच्याशी?"

"लिहिलं होतं," थोरला म्हणाला.