ट्यूबबाबांचा उजेड पाण्याच्या टाकीपर्यंत

“जिथे विज्ञान हात टेकतं, तिथे माझी ट्यूब पेटते!” दोन्ही हात आभाळाकडे करून ट्यूबबाबांनी जाहीर केलं आणि त्याच क्षणी माइक बंद पडला. मेलेल्या ट्यूबा जिवंत करणाऱ्या त्या महापुरुषाला मग वायरमन येईपर्यंत तोंड मिटून बसावं लागलं. यात काही खटकण्यासारखं आहे असं गर्दीत कोणालाच वाटलं नाही. खटकलं ते फक्त मागे उभ्या असलेल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना. पण त्यांना सगळंच खटकतं, अशी त्यांची ख्याती होती.

बाबांची पत्र्याची शेड हवाई तळाच्या कुंपणाला खेटून होती. जुन्या युद्धात गावातल्याच माणसांनी टोपल्यांनी माती वाहून इथली धावपट्टी केली होती. पुढे महापूर आला, तेव्हा इथूनच विमानांनी औषधं आणि पांघरुणं नेली. आता सरावाची विमानं उतरतात आणि कुंपणाच्या आत, अगदी शेडच्या मागे, लांबच्या विमानांशी बोलणारा रेडिओचा उंच मनोरा उभा आहे. बाबांच्या इतिहासात यातलं काही नव्हतं. त्यात एकच वैमानिक होता. तो परत आला नाही आणि त्याचा आत्मा उतरायला जागा शोधत थेट ट्यूबमध्ये शिरत असे.

अंधारू लागलं की बाबा भक्तांनी आणलेली जळकी ट्यूब हातात धरत. वायर नाही, बटण नाही, तरी ती पांढुरकी उजळे. “तुझ्या घरी मेली होती ना ही? इथे उठली! मग तुझं मूत्रपिंड काय एवढं मोठं लागून गेलं?” असं म्हणून ती ट्यूब रोग्याच्या अंगावरून फिरवली जाई. आठवड्यातून एक दिवस बाबांचं मौन असे. मनोऱ्याच्या देखभालीचा दिवसही तोच. तळाने तो दिवस बदलला, तेव्हा आत्म्यानेही मौनाचा दिवस बदलून घेतला होता.

बाईंनी एरवी नुसती चिडचिड केली असती. पण पहिल्या रांगेत त्यांचा सख्खा मोठा भाऊ बसला होता. दादाचा जन्म याच तळावर हवाई छत्र्यांच्या घड्या घालण्यात गेला होता. बाबांच्या शब्दावर त्याने साखरेच्या आजारावरचं इन्सुलिन सोडलं होतं. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती. आणखी उशीर केलात तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर दादाने मोरीतली चांगली चालती ट्यूब काढून बाबांच्या चरणी वाहिली आणि घरातली माणसं मेणबत्तीवर आंघोळ करू लागली.

“दादा, गॅस असतो रे त्या नळीत! मनोऱ्यातून रेडिओच्या लहरी सुटतात, त्यांनी पेटतो तो!”

“बेबी, तू शाळेतच शिकव,” दादा म्हणाला. बेबीला निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

त्या संध्याकाळी बाई भंगारवाल्याकडून जळक्या ट्यूबांचा भाराच घेऊन आल्या. माइक दुरुस्त होतोय तोवर त्यांनी एक ट्यूब स्वतःच्या हातात उंच धरली. ती पेटली. लगेच पिठाच्या गिरणीवाल्याने त्यांच्या पायांवर लोटांगण घातलं.

“अहो, उठा! मी नाही केलं काही!”

“हेच तर! बाबाही असंच म्हणतात!”

बाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी सरसकट ट्यूबा वाटल्या. गिरणीवाल्याची पेटली, त्याच्या बायकोची पेटली, कायम झिंगलेल्या न्हाव्याचीही पेटली. एक त्यांनी नुसती कुंपणालगतच्या मातीत खोचली, तीही पेटली.

“पाहिलंत?” बाबांचा माइक आता सुरू झाला होता. “माझ्या सहवासाने मातीसुद्धा पावन!”

टाळ्या पडल्या. बाईंच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. आयुष्यभर मुलांना प्रयोग करून बघायला शिकवलं, त्यातलीच निम्मी मुलं इथे मोठी होऊन टाळ्या वाजवत होती. बाई सरळ दादासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“दादा, तू घडी घातलेली छत्री तशीच विमानात जायची?”

“वेडी का काय! दुसरा माणूस तपासायचा. त्याशिवाय हलायचीच नाही.”

“तुझ्यावर भरवसा नव्हता?”

“भरवशाचा काय संबंध? वरून उडी मारणाऱ्याचा जीव असतो.”

“मग इथे जीव तुझा आहे. हे कोणी तपासलं?”

दादा उठला. मग मातीतली ट्यूब उपटून, लंगडत, रस्त्याने निघाला. गर्दी मागोमाग. मनोरा जसजसा मागे पडला, तसतसा उजेड फिका झाला. पाण्याच्या टाकीपाशी ट्यूब ठार विझली. दादा मागे फिरला, शेडजवळ ती पुन्हा पेटली. तो पुन्हा टाकीपर्यंत गेला, पुन्हा अंधार.

“आत्म्याचा अंमल तेवढ्यापुरताच,” बाबा घाईघाईने म्हणाले.

“वैमानिकाचा आत्मा,” दादा म्हणाला, “आणि त्याला टाकीपर्यंत उडता येत नाही?”

आधी न्हावी हसला, मग सगळेच. त्याबरोबर कोणाला तरी आठवलं, की बाबा पूर्वी लग्नाची रोषणाई करायचे आणि जळक्या ट्यूबा याच कुंपणापाशी टाकायचे. बाबांना अचानक मौनाचा दिवस आठवला.

“हसून घरी जाऊ नका,” बाई म्हणाल्या. “उद्या दुसरा कोणी दुसरं काही पेटवेल. तेव्हा मला बोलवू नका. हातात घ्या, दूर नेऊन बघा, त्याच्याशिवाय होतंय का ते बघा. छत्री तपासतात, तसा माणूसही तपासा. आणि तोवर आपलं औषध सोडू नका.”

लोकांनी माना डोलावल्या. बाबांसमोरही ते अशाच डोलवत असत.

घरी आल्यावर बाईंनी फ्रीजमधून इन्सुलिन काढलं. दादाने मुकाट्याने सुई हातात घेतली आणि पोटावर टोचायला आडोसा म्हणून मोरीकडे निघाला, तो दारातच थबकला.

“आता काय?” बाईंचा आवाज चढला.

“इथे काही दिसत नाही गं, टोचू कुठे? बेबी, तेवढी बाबांकडून आपली ट्यूब परत आणतेस का? चालू होती ती.”