सहा ठिकाणं, चार घास

सौमित्रचा डावा हात शहराने खाल्ला तेव्हा आम्ही यादीतल्या तिसऱ्या ठिकाणी होतो आणि अजून तीन ठिकाणं बाकी होती. त्या परदेशी शहराचं नाव मी लिहीत नाही. नाव घेतलं की बोलावल्यासारखं होतं, आणि त्याला बोलावण्याची चूक आमच्याकडून एकदा झालेली आहे.

सौमित्र माझा मावसभाऊ, वय वीस. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून जबाबदारी माझी. निघताना मिरजेच्या स्टेशनवर मावशी म्हणाली होती, "शलाका, नेतेस तसा अख्खा परत आण." ती डबा देतानाही हेच म्हणते, वर झाकणाची आठवण करून देते, म्हणून मी ते फार मनावर घेतलं नाही.

आम्ही उतरलो होतो त्या हॉस्टेलच्या भिंतीवर एक यादी चिकटवली होती. सॅक पाठीवर टाकून फिरणाऱ्या तरुणांनी चुकवू नयेत अशी सहा ठिकाणं. मी ती कागदावर उतरवून घेतली. मला यादी अर्धी राहिलेली चालत नाही. महाबळेश्वरला मी एका दिवसात अकरा पॉइंट केलेले आहेत, त्यातले चार धुक्यात. काही दिसलं नाही, पण केले. इथे तर सहाच होते आणि अख्खा दिवस हातात होता.

पहिलं ठिकाण कालव्यावरचा बाजार. तिथे होड्या एकमेकींना घासत उभ्या असतात आणि होडीतच चूल पेटलेली असते. एका बाईकडून आम्ही भात आणि नारळाच्या दुधातली भाजी घेतली आणि धक्क्याच्या फळ्यांवर बसलो. सौमित्रला मुंज झाल्यापासूनची सवय आहे. जेवण्याआधी तळहातावर पाणी घेऊन ते पानाभोवती फिरवायचं आणि उजव्या बाजूला भाताचे चार छोटे घास काढून ठेवायचे. चित्राहुती. तो काही फार देवभक्त नाही, मोबाईल बघत बघत करतो. घरी ते घास मुंग्या नेतात. इथे फळी उघडली. आत गुलाबी हिरड्या होत्या आणि बारीक दात. त्या तोंडाने चारही घास एकेक करून नीट चावून खाल्ले आणि फळी मिटली.

"ताई, जेवलं बघ ते," सौमित्र म्हणाला. त्याला मनापासून बरं वाटलं होतं. मी घड्याळ बघितलं. बाजारासाठी पाऊण तास ठरवला होता आणि आमची पन्नास मिनिटं झाली होती. मी त्याला म्हटलं की हे बाजूला ठेवण्याचं आता पुरे, वेळ जातो. तो बरं म्हणाला. माझं ऐकण्याची सवयही त्याला लहानपणापासूनच आहे.

दुसऱ्या ठिकाणी पाण्याच्या टाकीत पाय सोडून बसायचं होतं, म्हणजे छोटे मासे येऊन टाचांची मेलेली कातडी खातात. आम्ही काठावर बसून उकडलेल्या शेंगा खात होतो. सौमित्रने सांगितल्याप्रमाणे बाजूला काही ठेवलं नाही. शेंगा संपत आल्या तेव्हा मासे कडेला सरकून ओळीत उभे राहिले, टाकीचा तळ उघडला, आणि त्याच हिरड्यांनी वर येऊन त्याच्या डाव्या पायाची चार बोटं घेतली. करंगळीपासून सुरुवात. एक घास, मग चावणं, मग दुसरा. हाड मोडल्याचा आवाज शेंग फोडल्याइतकाच येत होता. सौमित्र इतका ओरडला की शेजारच्या बाईने आपले पाय बाहेर काढून पुसले. चौथं बोट झाल्यावर तोंड मिटलं. अंगठा ठेवला होता.

मी माझी ओढणी फाडून पाय बांधला. मला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मी चिडते. मी त्याला विचारलं, चालता येतंय ना? तो येतंय म्हणाला. तिथेच आम्ही मागे फिरायला हवं होतं. मी यादी काढून पुढचं ठिकाण बघितलं.

कालव्यावरून टाक्यांपर्यंत यायला चाळीस मिनिटं लागली होती. टाक्यांपासून कुस्तीगिरांचं सभागृह नकाशात तासभर लांब होतं, पण आम्ही दहा मिनिटांत पोचलो. रस्ता मधून उचलून घडी घातलेला दिसत होता. सभागृहात दोन पोरगेलेसे मल्ल गुडघ्यांनी एकमेकांच्या बरगड्या फोडत होते आणि तिकिटासोबत भाताचं पुडकं मिळत होतं. या वेळी सौमित्रने माझ्याकडे न बघता पुडकं उघडलं आणि घाईघाईने चार घास खुर्चीच्या दांड्यावर ठेवले. दांडा उघडला. आतल्या तोंडाने भाताकडे बघितलंही नाही.

सौमित्रने उजवा हात मागे घेतला आणि डावा पुढे केला. मला त्याचं हे सुचणं तेव्हा विचित्र वाटलं. बोटांचा एक घास झाला, पंजाचा दुसरा, कोपरापर्यंत तिसरा, खांद्यापर्यंत चौथा. माझ्या तोंडावर त्याचं रक्त उडालं, ते गरम होतं आणि मी ते पुसलं नाही. मी त्याला कमरेला धरून मागे ओढत होते, म्हणून चौथा घास तुटायला वेळ लागला. खाली एका मल्लाचा जबडा निखळला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही हॉस्टेलवर परतलो. दारातच मालकीण कांदे चिरत बसली होती. तिने सौमित्रकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आमच्याच बाजूच्या मराठीत विचारलं, "पयल्यांदा वाढलं कुणी त्याला?"

मी सौमित्रकडे बोट दाखवलं.

"मग आता त्ये जेवून उठंस्तवर काय इलाज न्हाई बघा. जेवतंय त्याला मधनंच कसं उठवायचं?"

मी म्हटलं, आम्ही काही खातच नाही मग. ती म्हणाली, तुम्ही उपाशी राहिलात तर ते मधल्या वेळचं खातं. तिला मराठी कशी येते ते मी विचारलं नाही. मी तिला टॅक्सी बोलवायला सांगितली, यादीचा कागद तिच्यासमोर चुरगळून कांद्याच्या सालींत टाकला आणि विमानतळ म्हटलं. यादी मध्येच सोडण्याची माझी ती पहिलीच वेळ. ते मला जड गेलं नाही, हे मी मुद्दाम सांगते.

टॅक्सीवाला चांगला होता. त्याने सौमित्रच्या खांद्याखाली वर्तमानपत्र पसरलं, सरळ रस्ता धरला, एकही वळण घेतलं नाही, आणि आम्हाला चौथ्या ठिकाणी सोडलं. तो काचेचा पूल होता, दोन इमारतींच्या मध्ये टांगलेला. मी मागे वळले तर टॅक्सी नव्हती, आणि आलो तो रस्ताही नव्हता. तिथे भिंत होती.

पुलावर पन्नासेक पर्यटक पालथे पडून खालच्या गल्ल्यांचे फोटो काढत होते. त्या शेंगांनंतर आमच्या पोटात काही गेलं नव्हतं. सौमित्र लंगडत मधोमध पोचला आणि काच उघडली. मी पाठीवरची स्टीलची पाण्याची बाटली काढून त्या हिरड्यांवर घालायला सुरुवात केली. दात तुटून माझ्या मनगटात घुसले. मी थांबले नाही. मी आयुष्यात कुणाला इतकं मारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. बाटली फुटली, पाणी गेलं, मग काचही फुटली आणि कडेला पडलेले सात-आठ पर्यटक फोटो काढता काढता खाली गेले. एकाच्या मानेतून काच आरपार गेली होती, तो लटकत राहिला. शहराने त्यांना तोंड लावलं नाही. त्याने चार घासांत सौमित्रचा डावा पाय मांडीपर्यंत संपवला आणि तोंड मिटलं.

मी सॅक टाकून दिली आणि त्या जागी सौमित्रला पाठीवर घेतलं. तो हलका झाला होता. त्याचा उजवा हात माझ्या गळ्याभोवती होता. पूल उतरलो तोच फुलबाजारात पाय पडला, म्हणजे पाचवं ठिकाण. दोन्ही बाजूंची दुकानं इतकी जवळ आली होती की मला आडवं होऊन चालावं लागत होतं. झेंडूच्या ढिगांवर माणसं बसली होती आणि देठ कापत होती.

"ताई, त्याला उठवायचं तर शेवटचं पाणी द्यायला हवं," सौमित्र माझ्या कानाशी म्हणाला.

मी विचारलं, कसलं? तो सांगू लागला. जेवण सुरू करताना जसं पाणी असतं तसं संपवतानाही असतं. ते दिलं की जेवणारा उठतो. तो स्वतः ते कधीच देत नाही, हात धुवायला पळतो. काल, परवा, सकाळी होडीजवळही दिलं नाही. म्हणून शहर उठत नव्हतं. ते उजव्याच हाताने द्यायचं असतं, म्हणून त्याने सभागृहात उजवा हात राखून ठेवला होता. हे सगळं तो शांतपणे सांगत होता आणि मला रडू फुटलं. मी बाटली फोडून बसले होते. बाजारात फुलांवर मारायचं पाणीसुद्धा कुणी देईना.

"माझ्याच्याने नाही झालं तर तू दे. तुला माहितीये ना कसं देतात?"

मला राग आला. मी म्हटलं, सात वर्षांची असल्यापासून पंगतीत वाढतेय मी, शंभर वेळा बघितलंय.

तेवढ्यात झेंडूच्या ढिगाखालून रस्ता उघडला. मी एका माणसाच्या हातातला देठ कापायचा कोयता ओढून घेतला आणि तोंडात कोपरापर्यंत हात घालून जीभ कापली. ती हातभर लांब होती, ती रस्त्यावर पडून उलटीपालटी होत राहिली. काळं रक्त उसळून सगळा बाजार घोट्यापर्यंत भरला, झेंडू त्यावर तरंगू लागला. ज्याचा कोयता होता तो माणूस मला एवढंच म्हणाला की धार बोथट करून ठेवलीत. दुसऱ्या बाजूने भिंत उघडली आणि तिने माझ्या पाठीवरूनच सौमित्रचा उजवा पाय घेतला. चार घास. प्रत्येक घासाला माझा तोल जात होता. त्याने माझ्या खांद्यात दात रोवले होते, ओरडू नये म्हणून.

नदीच्या पायऱ्या रस्त्याच्या पलीकडेच होत्या. यादीत त्यांच्यापुढे लिहिलं होतं की सूर्यास्त इथूनच बघावा. सूर्य नदीत अर्धा उतरला होता आणि पायऱ्यांवर कुणीच नव्हतं. मी सौमित्रला सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं. डोकं, धड आणि उजवा हात, एवढा तो उरला होता, पण डोळे स्वच्छ होते. मला वाटलं, एवढा तरी मी मावशीला नेऊन देईन. मी त्याला कुशीवर वळवलं, म्हणजे हात पाण्याला लागेल. त्याने हात लांब केला. बोटं पाण्याला टेकायच्या आधी पायरी उघडली.

मी पायरीवर कोयता मारला. पातं दगडावर मोडलं. हात संपला. मला काहीतरी सांगायला सौमित्रने तोंड उघडलं, आणि पायरीतून एक बारीक तोंड वर येऊन त्याच्या ओठांना लागलं आणि त्याची जीभ घेऊन गेलं. तो पाचवा घास होता. आत्तापर्यंत शहराने पाचवा कधी घेतला नव्हता.

आता मीच उरले होते. मी नदीत उतरले आणि उजव्या तळहातावर पाणी घेतलं. सौमित्र डोकं हलवायला लागला, जोरजोरात, या बाजूकडून त्या बाजूला, दगडावर कान घासले जाईपर्यंत. मला वाटलं त्याला वेदना होतायत. मी त्याला म्हटलं, झालंच, आता घरी जायचं. मग आमचे आजोबा फिरवायचे तसं, धार तुटू न देता, मी त्याच्याभोवती पाणी फिरवलं. धार कुठेही तुटली नाही. दोन्ही टोकं त्याच्या डोक्यापाशी जुळली. सौमित्रने डोकं हलवणं थांबवलं आणि डोळे मिटून घेतले.

तेव्हा मला कळलं. पानं वाढून आम्ही मुली भिंतीशी उभ्या राहायचो तेव्हा पाहिलेलं पाणी हे सुरुवातीचं पाणी होतं. शेवटच्या पाण्याच्या वेळी आम्ही आत असायचो, खरकटी पातेली मोरीत नेत. ते कसं देतात हे मी एकदाही पाहिलेलं नाही.

माझ्या पायाखालचं चावणं बंद झालं. शहर आत्तापर्यंत उभ्या उभ्याच खात होतं, हे मला दिसलं. पलीकडच्या काठावरचे मनोरे कमरेत वाकले, त्यांच्या मागचे रस्ते गुडघ्यांत दुमडले, नदीवरचे दोन पूल आत ओढले गेले, आणि सगळं शहर सौमित्रसमोर मांडी घालून बसलं.