विशाखाचा सत्कार आणि शालिग्रामकाकांचं तोंड

विशाखा दातांची डॉक्टर झाली तेव्हा लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या त्यांच्या गल्लीने तिचा सत्कार ठरवला. तसा गल्लीचा हक्कच होता, कारण तिची पदवी निम्मी गल्लीच्या तोंडातून आली होती. कॉलेजात इतके दात काढा, इतके दात भरा, मगच परीक्षेला बसा, असा नियम. पेशंट मात्र ज्याचे त्याने शोधायचे. बड्या घरची पोरं ड्रायव्हरला पाठवून कुठून तरी दुखरे जबडे उचलून आणायची. विशाखाचे वडील प्रदीप हजीऱ्याच्या कारखान्यात कंत्राटी फिटर. ते सुट्टीच्या दिवशी रिक्षा करायचे आणि कापडाच्या लूमवरचे तीन-चार कामगार कोंबून तिच्यापुढे हजर करायचे. त्यातल्या एकाचा दात फारसा दुखतही नव्हता. पण पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून त्याने तो काढून घेतला.

सत्कार रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमध्ये होता. प्रमुख पाहुणे होते वेसूच्या श्रीमंत भागातल्या एका स्माइल स्टुडिओचे, म्हणजे दातांच्या महागड्या दवाखान्याचे मालक. सोमवारपासून विशाखा त्यांच्याकडेच नोकरीला लागणार होती. मुलाखतीत त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती. पेशंट आला की आधी तोंडात बघायचं नाही, पायातल्या बुटांकडे बघायचं. सत्काराला येताना त्यांनी स्टुडिओचा बॅनरही आणला आणि तो स्वतः उभं राहून सरळ लावून घेतला.

विशाखाने भाषण पाठ केलं होतं. 'लहानपणापासून दंतवैद्यकाची ओढ होती' अशी त्याची सुरुवात. खरं म्हणजे लहानपणी तिला कसलीच ओढ नव्हती. पुढे एमबीबीएसला मार्क कमी पडले आणि यादीत खाली जे मिळालं ते तिने घेतलं. पहिलं वर्ष मेणाचे दात कोरण्यात गेलं. तेव्हा नातेवाइकांनी विचारलं की ती नुसतं "मेडिकलला आहे" म्हणायची आणि विषय बदलायची.

तिच्या आधी शेजारचे शालिग्रामकाका उठले. चाळीस वर्षं लूमवर काढलेला माणूस, तोंडात एकही दात उरला नव्हता. कवळीच्या परीक्षेसाठी असं रिकामं तोंड म्हणजे सोनंच. विशाखाने ते आधीच धरून ठेवलं होतं. मापं, मेण, पुन्हा मापं असे अकरा वेळा ते कॉलेजच्या खुर्चीत बसले. दर वेळी सर यायचे, बघायचे, "मागून टाळूला घट्ट चिकटत नाही, सील नाही. पुन्हा" म्हणून निघून जायचे.

"तुम्हले एक गंमत सांगू?" काकांनी माइक तोंडाशी धरला. "परीक्षामा उत्तर मीच सांगं!"

विशाखाने मान खाली घातली. झालं होतं तसंच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं होतं, वरची कवळी मागच्या बाजूने खाली का पडत नाही? तिला काही आठवेना. तेव्हा खुर्चीतून, तोंडात मेण असतानाच काका पुटपुटले होते, "सील... मागलं सील." अकरा वेळा ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं. परीक्षक इतके हसले की त्यांनी दोघांनाही पास केलं.

हॉलमध्ये हशा पिकला. प्रदीपनी डोळे पुसले. पाहुणे हसले नाहीत. ते विशाखाच्या कानाशी झुकून म्हणाले, "डॉक्टर, ये बात स्टुडिओ में किसी को मत बोलना."

आता पाठ केलेलं भाषण बोलायला तिची जीभ वळेना. "मला मार्क कमी पडले, म्हणून मी इकडे आले," ती म्हणाली. "तुम्ही तोंडं उघडलीत, म्हणून पास झाले. जयभीम." एवढं बोलून ती खाली बसली. टाळ्या पडल्या, पण जरा उशिराने.

मग फोटोऐवजी रांगच लागली. कुणी हिरडी दाखवली, कुणी दाढ, एकाने तर गुडघाच पुढे केला. विशाखा मोबाइलच्या उजेडात एकेकाचं तोंड बघू लागली. पाहुणे शालीसकट ताटकळले.

सुभद्राबाई मशेरी लावणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मला काही नाही गं, तिखट लागलं की झोंबतं तेवढंच." त्यांच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता. त्याच्या कडा लालसर होत्या आणि बोटाला कडक लागत होत्या. विशाखाने मोबाइलचा उजेड जवळ नेऊन पुन्हा पाहिलं. असा चट्टा तिने पुस्तकात पाहिला होता, वॉर्डातही पाहिला होता.

"मावशी, उद्या सकाळी सरकारी हॉस्पिटलला जायचं. मी येते बरोबर."

"अगं, तुझी नोकरी?"

"बघू."

सोमवारी ती केसपेपरच्या रांगेत उभी असताना स्टुडिओतून फोन आला. तिने सांगितलं, इमर्जन्सी आहे. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, दाँत में कैसी इमर्जन्सी?" संध्याकाळपर्यंत तिच्या जागी दुसरी डॉक्टर लागली.

सुभद्राबाईंच्या गालाचा तुकडा तपासून आला. कॅन्सर अजून झाला नव्हता, पण व्हायच्या वाटेवर होता. चट्टा काढून टाकला. मशेरीचा डबा विशाखाने स्वतः गटारात रिकामा केला आणि त्याबद्दल त्यांच्या शिव्याही खाल्ल्या.

प्रदीप आठवडाभर तिच्याशी मोजकंच बोलले. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "उधन्याला ट्रस्टच्या दवाखान्यात दाताचा डॉक्टर पाहिजे म्हणे. बघ जाऊन." वेसूचा एसी हातचा गेला याचं तिलाही वाईट वाटत होतं, अजूनही थोडं वाटतं. पण ती गेली.

तिथली खुर्ची पायाने दाबून वर करावी लागते. पहिल्याच दिवशी एक लूमवाला गाल धरून आला. "ताई, लवकर करा, कारखान्यात माझी पाळी सुरू व्हायची आहे." तिने बुटांकडे पाहिलंच नाही, पाहिलं असतं तर चपलाच दिसल्या असत्या. सुई देऊन तिने दाढ काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. त्याने कापूस चावत ती निरखून पाहिली.

"हीच होती ना?"

"हीच," विशाखा म्हणाली. तरी तो जिना उतरल्यावर तिने केसपेपरवर दाढेचा नंबर एकदा पाहून घेतला.