दोन बँका पाहिलेला बाक

बँकेत आपला नंबर येईपर्यंत तुम्ही ज्याच्यावर बसता, त्याच्याकडे कधी वळून पाहिले आहे का? नसेल. माझी तक्रार नाही. बसणाऱ्याचे लक्ष खिडकीकडेच असायचे. मी एक लाकडी बाक आहे. दोन बँकांत माझे आयुष्य गेले. आता थकलो आहे, म्हणून बोलतो.

मला एका सुताराने घडवले. त्या दोन बँकांपैकी लहान बँकेने त्याला हत्यारांसाठी कर्ज दिले होते. ते फिटले त्या दिवशी तो मला घेऊन आला आणि म्हणाला, "तिघांना पुरेल. चौघे बसले तरी मोडणार नाही." त्याचा शब्द खरा ठरला.

ती बँक म्हणजे दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा आणि भाऊ. भाऊ तिथला व्यवस्थापक. त्याला केबिन नव्हती. कुणी वृद्ध माणूस आला की तो टेबलामागून उठे, माझ्यावर त्याच्या शेजारी बसे आणि त्याची पैसे काढायची चिठ्ठी भरून देई. काम सावकाश चाले. पण "उद्या या" हेही भाऊ माणसाच्या तोंडाकडे बघून सांगे.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी नेहमी येत. साऱ्या बँकेत भाऊला अरे-तुरे करणाऱ्या त्या एकट्याच. "अरे भाऊ," त्या म्हणत, "तुझं व्याज माझ्या उंचीसारखं आहे. वाढायचं कधीच थांबलंय." भाऊ हसे.

दोष तिथेही होता. तो झाकणे मला शोभणार नाही. एकदा मावशींचा पुतण्या आला, "काकूनं पाठवलंय" म्हणाला, आणि भाऊने घरचाच मुलगा म्हणून पैसे दिले. काकूने पाठवले नव्हते. भाऊने ती रक्कम आपल्या पगारातून भरली. मावशींनी त्याला खूप बोलून घेतले, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या लेकीसाठी झबले शिवून आणले.

पुढे मोठ्या बँकेने लहान बँक आपल्यात घेतली. पुतण्याचे प्रकरण तपासणीत निघाले. भाऊला ताकीद मिळाली: यापुढे तोंडओळखीवर काम केले, तर नोकरी राहणार नाही. मग त्याला काचेची केबिन दिली, आणि मला दाराजवळचा कोपरा.

मोठ्या बँकेत गारवा होता, लखलखीत फरशी होती, आकडा पुकारणारे यंत्र होते. तिथे पुतण्याला दमडी मिळाली नसती, हे मान्य केले पाहिजे. कुणी कुणावर ओरडत नसे. कुणी कुणाकडे बघतही नसे.

मावशी आल्या, तेव्हा त्यांची नजर मंदावली होती. शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी होती. पैसे खात्यात होते. पण सही जुळेना.

"डोळे गेले म्हणून सही बिघडली, बाई," मावशी म्हणाल्या, "आणि डोळ्यांसाठीच पैसे हवेत."

खिडकीतली मुलगी वाईट नव्हती. ती म्हणाली, अंगठा चालेल, फक्त ओळखणाऱ्या अधिकाऱ्याने सही द्यावी. मावशींचा चेहरा उजळला. भाऊ आत आहे ना, त्याला विचारा, असे त्या म्हणाल्या. शिपाई काचेआड गेला. भाऊने मान वर केली. मावशींना त्याने पाहिले, हे मी पाहिले. मग त्याने नजर खाली वळवली.

शिपाई परत आला. "साहेब म्हणतात, ओळखत नाही."

मावशी चाचपडत येऊन माझ्यावर बसल्या. "असेल," त्या म्हणाल्या, "वय झालं असेल त्याचं."

मग दाखले झाले, साक्षीदार झाले, हेलपाटे झाले. पैसे मिळाले, पण उशिरा. डॉक्टरांनी हात टेकले; उरलीसुरली नजरही गेली.

त्यानंतर त्या काठी टेकत खाते बंद करायला आल्या. त्या दिवशी भाऊ केबिनमधून बाहेर आला. किती वर्षांनी तो माझ्यावर बसला. "मावशी," तो हळूच म्हणाला, "मी भाऊ."

मावशींनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवले. मग परक्या माणसाला जागा द्यावी तशा त्या बाजूला सरकल्या.

"आमचा भाऊ जुन्या बँकेत होता, साहेब," त्या म्हणाल्या. "आपण बसा. दमला असाल."

आता माझा एक पाय खिळखिळा झाला आहे. नव्या खुर्च्या आल्या की मी अडगळीत जाईन. ईश्वराने नेमून दिलेले काम मी केले: जो आला, त्याला ओळख न विचारता बसू दिले. माणसाकडून याहून फार काही मागितलेले असते, असे मला वाटत नाही.

भाऊविरुद्ध कुणी तक्रार केली नाही. नोकरी राहिली, बढतीही मिळाली. ईश्वराच्या दरबारात दंड पैशांत भरून घेत नाहीत. निवृत्त होईपर्यंत तो रोज माझ्यासमोरून केबिनकडे गेला, आणि सगळे त्याला अदबीने साहेब म्हणत राहिले. "अरे भाऊ" म्हणणारे कुणी उरले नव्हते.