पेपरवेटखालचा कागद

सकाळचे ऊन बैठकीच्या खोलीत घाईने येत नाही. आधी ते खिडकीच्या गजांवर थबकते, मग रिकाम्या खुर्च्यांच्या पाठींवरून एकेक करून उतरते, टेबलाच्या कडेवरची धूळ उजळते आणि सरतेशेवटी माझ्या पोटात शिरते. तिथे एक बुडबुडा आहे. मला घडवताना भट्टीपाशी अडकून राहिलेला कारागिराचा श्वास. ऊन त्याच्याभोवती घुटमळते आणि माझ्याखालच्या कागदावर सांडते.

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेपरवेट आहे. एके काळी या आरोग्य कार्यालयात माझ्या संमतीवाचून पान हलत नसे. पुढे संगणक आले. लाखो रुग्णांच्या नोंदी त्यांत गेल्या आणि मी खणात गेलो.

काही वर्षांनी त्या नोंदींवर संशोधन करायचे ठरले. लोकांनाही विचारावे, म्हणून समिती नेमली गेली. लोकांच्या वतीने शिवणकाम करणाऱ्या एका मावशींना बोलावले आणि मला पुसून टेबलावर ठेवले. आपले दिवस पालटले, असे आम्हा दोघांनाही वाटले.

मावशींचा धाकटा भाऊ रंगाच्या कारखान्यात खोकून खोकून खंगला आणि दवाखान्याची पायरी न चढताच गेला. अशा माणसांची घरोघर जाऊन नोंद घ्यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. दोन बैठकांत त्यांनी तेच सांगितले. समितीच्या प्रमुख साहेबांनी दोन्ही वेळा मान डोलावली.

तिसऱ्या बैठकीत कारकून हसून म्हणाला, "मावशी, चाळीस लाख नोंदी आहेत. तुमच्या एका भावानं काय फरक पडतो?"

"शिवण उसवते ती एका टाक्यापासूनच, दादा," मावशी म्हणाल्या. "जे तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांना कोण मोजणार?"

"मुद्दा मोलाचा आहे, नोंद घेतो," साहेब म्हणाले. "इथे सही करा."

मावशींनी मला उचलले. सुईने टोचून खरबरीत झालेला तो तळहात उबदार होता. माझ्याखालच्या कागदावर त्यांनी विश्वासाने सही केली. त्यानंतर त्यांना कुणी बोलावले नाही, आणि घरोघरही कुणी गेले नाही.

मित्रांनो, कुणाचे मत विचाराल, तर आधी ऐका आणि मग लिहा. माझ्यातून अक्षरे मोठी दिसतात. त्या दिवशी उन्हाने डोळे दिपले होते, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. दिपले नव्हते. मावशी अकरा वाजता आल्या. 'सध्याच्याच नोंदी पुरेशा, सर्वानुमते मंजूर' असा टाईप केलेला कागद माझ्याखाली सकाळी आठपासून होता.